तीन इंटरव्ह्यू गेले, चौथा बारा तारखेला

नमस्कार ताई, मी बार्शीची. वय २५, बीकॉम झालंय. कॉलेज संपल्यावर दीड वर्ष पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास केला, राज्यसेवा पूर्व दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं, मग घरची परिस्थिती बघून परत आले. गेली दोन वर्षं इथेच एका टॅक्स कन्सल्टंटकडे आहे, पगार नऊ हजार. तीसेक पार्ट्यांचं, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांचं, टॅली आणि जीएसटीचं बघते. आता पुण्यात अकाउंट्स असिस्टंटची नोकरी शोधतेय. तीन इंटरव्ह्यू झाले, तिन्ही गेले. पहिल्यात ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ विचारलं, यूट्यूबवर बघून पाठ केलं होतं ते मधेच विसरले. दुसऱ्यात डेबिट नोट म्हणजे काय विचारलं, येत असून डोकं बंद पडलं. तिसऱ्यात बरं चाललं होतं, मग गॅप का पडला आणि लग्न कधी करणार असं विचारलं, मी गप्प बसले. आता १२ तारखेला सकाळी ११ वाजता भोसरी एमआयडीसीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत बोलावलंय. नऊ दिवस आहेत. इंग्रजी कसं सुधारू? मैत्रीण म्हणते गॅप दाखवूच नकोस, कन्सल्टंटकडचीच वर्षं वाढवून लिही. पगार किती सांगू? खरं तर मला काही येतच नाही असं वाटायला लागलंय.
एक वाचक, बार्शी

अगं, नऊ दिवसांत इंग्रजी सुधारत नसतं, तो विषय आत्ताच बाजूला ठेव. नोकरी लागल्यावर सावकाश बघ, रोज मेल लिहावे लागले की आपोआप येतं.

मी तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘काही येत नाही’ हे तू शेवटी ठासून लिहिलंस, आणि मधे एका ओळीत सहज सांगून गेलीस की तीसेक पार्ट्यांचं टॅली आणि जीएसटी बघते. ही ओळ तुझ्या बायोडेटात कुठाय ते आधी सांग. मी पैज लावते की बायोडेटाच्या वरच्या भागात ‘टू ऑब्टेन अ चॅलेंजिंग पोझिशन’ वगैरे काहीतरी कॉपी केलेलं असणार, खाली हॉबीजमध्ये वाचन आणि गाणी ऐकणं, आणि तीस पार्ट्या कुठेच नाहीत. मी भोसरीतच एका कारखान्यात अकाउंट्सला एकोणीस वर्षं काढली, त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून पोरापोरींच्या मुलाखती घेतल्या, त्यामुळे पलीकडे काय चालतं ते तुला सांगू शकते. पलीकडचा माणूस एकच गोष्ट शोधत असतो, हिला कामाला बसवली तर माझं डोकं किती खाईल आणि किती दिवसांनी खायचं थांबवेल. बास. तुझं इंग्रजी, तुझी पर्सनॅलिटी, ‘व्हेअर डू यू सी युवरसेल्फ आफ्टर फाइव्ह इयर्स’, हे सगळं तो विचारतो कारण त्यालाही कुणीतरी एक प्रश्नांचा कागद दिलेला असतो.

माझा पहिला इंटरव्ह्यू तर विचारूच नकोस. तेव्हा यूट्यूब नव्हतं पण पाठांतर होतं, भावाने वहीत अर्धं पान इंग्रजी लिहून दिलेलं, ते मी एसटीत घोकत गेले. तिसऱ्या वाक्याला अडकले, आणि पाढा चुकल्यावर लहान मुलं कशी बे एके बे पासून परत सुरू करतात तशी मी परत ‘माय नेम इज’ पासून सुरू केलं. समोरचे गृहस्थ सज्जन होते, हसले नाहीत, पण त्यांनी जे पेनाला टोपण लावलं ना, ते मला अजून दिसतं.

म्हणून पाठांतर नको. समोरच्याने इंग्रजीत विचारलं तर नाव, गाव, शिक्षण, काम एवढं चार वाक्यांत इंग्रजीत सांग, ते तुला येतं, आणि मग सरळ म्हण, ‘सर, कामाचं डिटेलमध्ये मराठीत सांगितलं तर चालेल का?’ भोसरीत शंभरात नव्वद ठिकाणी चालेल असंच म्हणतील, कारण ते स्वतः दिवसभर स्टोअरवाल्याशी, ट्रान्सपोर्टवाल्याशी आणि बँकेशी मराठी-हिंदीतच बोलतात. समोरचा मराठी नसला तर हिंदी. आणि एखाद्या ठिकाणी चालत नाही म्हणाले तर ती नोकरी बहुतेक परदेशी कस्टमरशी बोलायची असणार, ती आज तुझी नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

आता ‘स्वतःबद्दल सांगा’ ला काय सांगायचं. वडील काय करतात, भाऊ-बहीण किती, हे तिथे नको. असं काहीतरी सांग: ‘मी बार्शीत टॅक्स कन्सल्टंटकडे दोन वर्षं आहे. तीस पार्ट्यांची खाती बघते, त्यात डाळ मिल आहेत, आडतीची दुकानं आहेत, एक-दोन हॉटेलं, कापड दुकान. बिलं आल्यापासून टॅलीत एन्ट्री, बँक जुळवणं, जीएसटी रिटर्नचं वर्किंग इथपर्यंत मी करते, रिटर्न सर तपासून फाइल करतात.’ झालं. अर्धा मिनिट. यातल्या पार्ट्या मी अंदाजाने लिहिल्यात, तू तुझ्या खऱ्या सांग. आणि ‘सर तपासून फाइल करतात’ हे मुद्दाम सांगायचं, कारण सगळं मीच करते म्हणणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि आपली हद्द सांगणाऱ्यावर लगेच बसतो.

तुझ्यासाठी खरं काम हे आहे. एक वही घे आणि गेल्या दोन वर्षांत तुझ्या हातून गेलेल्या दहा-बारा भानगडी लिहून काढ. भानगडी म्हणजे काय, तर जिथे आकडा जुळला नाही, बिल सापडलं नाही, पार्टी भांडायला आली, ते. प्रत्येकाला तीन ओळी: काय झालं, मला कसं कळलं, मी काय केलं. उदाहरण देते म्हणजे कळेल. समजा एका डाळ मिलच्या खरेदीतलं एक मोठं बिल २बी ला, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटीच्या साइटवर जी यादी येते तिथे, दिसत नव्हतं. मालक म्हणतो मी टॅक्ससकट पैसे दिलेत, मला क्रेडिट पाहिजे, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स वजा करून पाहिजे. तू पुरवठादाराला फोन केलास, तो म्हणतो आम्ही तर रिटर्न भरलंय. मग तू त्याच्याकडून कोणत्या जीएसटी नंबरवर टाकलं ते मागवलंस, तर निघालं की मालकाच्याच दुसऱ्या फर्मच्या नंबरवर गेलंय. त्याला पुढच्या रिटर्नला दुरुस्त करायला लावलंस आणि त्या महिन्यात क्रेडिट घेतलं नाहीस. ही एक गोष्ट नीट सांगता आली ना, तर समोरच्याला कळलं की हिला २बी कळतो, क्रेडिट कधी घ्यायचं नाही ते कळतं, आणि हिला फोन करून दुसऱ्याकडनं काम काढून घेता येतं. हे तिसरं फार दुर्मिळ असतं बरं का, अकाउंट्सची पोरं स्क्रीनकडे बघत बसतात पण फोन उचलत नाहीत.

फक्त गोष्ट सांगताना पार्टीचं नाव घ्यायचं नाही. डाळ मिल म्हण, मिलचं नाव नको. मी एकदा एका मुलाला घेतलं नव्हतं ते एवढ्यासाठीच, हुशार होता, पण दहा मिनिटांत त्याने आधीच्या ऑफिसातल्या तीन गिऱ्हाइकांची नावं, उलाढाल आणि एकाचं दोन नंबरचं पण सांगून टाकलं. उद्या आमचंही असंच सांगेल कुठेतरी.

डेबिट नोटचं तुझं डोकं बंद पडलं कारण त्याने व्याख्या विचारली आणि तू व्याख्या शोधायला लागलीस. व्याख्या शोधायचीच नाही, काम आठवायचं. माल खराब आला, परत पाठवला, मग पुरवठादाराच्या खात्याला तू काय करतेस? त्याला द्यायचे पैसे कमी करायचेत म्हणून त्याचं खातं डेबिट करतेस, आणि तसं त्याला कळवणारा कागद म्हणजे डेबिट नोट. एवढंच तर आहे. वर एक वाक्य जोडलंस की ‘जीएसटीला मात्र त्याची क्रेडिट नोट आपल्याला २बी त दिसली पाहिजे आणि तेवढं आपलं क्रेडिट कमी करायचं’ तर समोरचा मान वर करून बघेल. कुठल्याही प्रश्नाला ‘आमच्याकडे असं होतं तेव्हा आम्ही...’ अशी सुरुवात करून बघ, डोकं बंद पडत नाही.

आता एक गोष्ट जी तुला कुणी सांगितली नसेल. तुझ्या बऱ्याचशा पार्ट्या लहान असणार, वर्षाला ५ कोटी उलाढालीच्या आतल्या, म्हणजे बहुतेक तिमाही रिटर्नवाल्या. तुझ्या बोटावर १३ आणि २२ तारीख बसलेली असणार. भोसरीतली कंपनी मोठी असेल तर तिचं दर महिन्याला असतं, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी तयार होतो, २० ला ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न), आणि ७ तारखेला टीडीएस, म्हणजे दुसऱ्याचे पैसे देताना कापून ठेवलेला टॅक्स, भरायचा. त्याने तारीख विचारली आणि तू २२ म्हणालीस तर त्याला वाटणार हिला काही माहीत नाही, प्रत्यक्षात तू बरोबर असतेस. म्हणून दोन्ही सांग: ‘आमच्या पार्ट्या तिमाहीवाल्या म्हणून २२, तुमच्याकडे मासिक असेल तर २०.’ तसंच टीडीएसचं. कॉन्ट्रॅक्टरचा, व्यक्ती असेल तर १ टक्का आणि कंपनी-फर्म असेल तर २ टक्के, हे तोंडावर पाहिजे. नवीन प्राप्तिकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे नंबर बदललेत, पण इतक्या वर्षांची सवय आहे, समोरचा कॉन्ट्रॅक्टरच्या टीडीएसला जुन्या कलमाने १९४सी च म्हणाला तर तूही १९४सी म्हण आणि नंबर बदललाय हे मला माहितीय एवढं हळूच कळू दे. दुरुस्त करायला जाऊ नकोस, जॉइन झाल्यावर कर काय ते.

तुला जे खरंच येत नसणार ते म्हणजे कारखान्याचं अकाउंट्स. दुकानात बिल आलं की एन्ट्री. कारखान्यात आधी पीओ (खरेदीची ऑर्डर) असते, मग गेटवर माल येतो, स्टोअरवाला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतो, क्वालिटीवाला पास करतो, आणि मग बिल तुझ्याकडे येतं, तू पीओचा रेट, जीआरएनची क्वांटिटी आणि बिल हे तिन्ही जुळवून बघायचं. शंभर नग मागवले, अठ्ठ्याण्णव आले, बिल शंभरचं, असं रोज असतं. दुसरं जॉबवर्क, म्हणजे आपल्या मालावर बाहेरच्याकडनं काम करून घेणं. भोसरीचा श्वास आहे तो. एकजण टर्निंग करतो, दुसरा प्लेटिंग, तिसरा हीट ट्रीटमेंट, माल चलनावर बाहेर जातो आणि परत येतो, कच्चा माल असेल तर एका वर्षात परत यायला लागतो नाहीतर तो पाठवला त्या दिवशी विकला असं धरून टॅक्स लागतो. तिसरं, छोट्या उद्योगांचे पैसे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरत नाहीत, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरतात. त्यामुळे हल्ली मार्च आला की अकाउंट्सवाले पुरवठादारांची उद्यम (छोट्या उद्योगाच्या नोंदणीची) सर्टिफिकेटं शोधत फिरतात. हे तिन्ही नऊ दिवसांत वरवर वाचून ठेव, पण ‘येतं’ म्हणू नकोस. ‘मी केलेलं नाही, वाचलंय, असं असं असतं असं समजलंय, बरोबर आहे का?’ असं म्हण. समोरचा माणूस अकाउंट्सचा असेल तर तो स्वतःच समजावून सांगायला लागतो, आणि समजावून सांगायला लागलेला इंटरव्ह्यू घेणारा म्हणजे निम्मं काम झालं.

बऱ्याच ठिकाणी आता बसवून टेस्ट घेतात. टॅलीत वीस-पंचवीस एन्ट्र्या आणि एक्सेलच्या दोन याद्या. टॅलीच्या टेस्टमध्ये पोरं एन्ट्रीत चुकत नाहीत, तारखेत चुकतात. कंपनी कुठली उघडलीय ते न बघता, एफ२ दाबून तारीख न बदलता, सगळ्या एन्ट्र्या १ एप्रिलला टाकून मोकळी होतात. तू बसल्याबसल्या आधी कंपनी, तारीख आणि पिरियड बघ. घरी लॅपटॉप असेल तर टॅलीचं एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्र्या होतात पण हात बसायला तेवढं पुरतं. आणखी एक, कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, म्हणजे कुठली एन्ट्री कुणी कधी बदलली ते राहतं, त्यामुळे ‘चुकली तर डिलीट करते’ असं सहज बोलून जाऊ नकोस, आपल्याकडे दुकानदारांच्या फायलींना ती सवय लागलेली असते.

एक्सेलचं म्हणशील तर व्हीलूकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधणारा फॉर्म्युला) आणि पिव्होट (मोठ्या यादीचा गोषवारा) एवढं पक्कं कर. टेस्टमध्ये मुद्दाम गंमत केलेली असते. एका यादीत बिल नंबर ‘४५’ असतो, दुसऱ्यात ‘००४५’, तिसऱ्याच्या शेवटी कुणीतरी एक स्पेस सोडलेली असते जी दिसत नाही, आणि व्हीलूकअप एरर देतो. पोरं फॉर्म्युला परत परत लिहीत बसतात, फॉर्म्युला बरोबरच असतो. आमच्याकडे एक सोलापूरची मुलगी आली होती, तिने एरर आल्यावर हात थांबवला, दोन्ही सेलमध्ये कर्सर नेऊन शेवटपर्यंत आणला, स्पेस सापडली, ट्रिम लावलं, आणि मान खाली घालून पुढचं करायला लागली. एक शब्द बोलली नाही. सगळ्या टेस्टमध्ये तिच्या सात एन्ट्र्या राहिल्या होत्या तरी तिला घेतलं. तर पूर्ण झालं नाही म्हणून घाबरायचं नाही, राहिलेलं कुठे राहिलं ते कागदावर लिहून द्यायचं.

बरं, आता गॅप. मैत्रिणीचं ऐकू नकोस. लहान जागा आहे ही, तो माणूस तुझ्या कन्सल्टंटला एक फोन करेल आणि दोन मिनिटांत कळेल. आणि खोटी तारीख पकडली गेली की मग तू सांगितलेली डाळ मिलसुद्धा खोटी वाटायला लागते. एमपीएससीचा गॅप ही महाराष्ट्रात लपवायची गोष्टच राहिली नाही, प्रत्येक वाड्यातलं एक पोरगं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून आलेलं आहे, इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा पुतण्या आत्ता तिथेच बसलेला असेल. त्याला गॅपची अडचण नसते गं. त्याला भीती असते की उद्या जाहिरात आली की ही पोरगी सुट्ट्या मागायला लागणार आणि ऐन मार्चमध्ये जाणार. तू त्या भीतीला उत्तर दे. ‘दीड वर्ष राज्यसेवेचा अभ्यास केला, पूर्व दोनदा दिली, निघाली नाही. मग ठरवून थांबवलं आणि या कामाला लागले. आता परीक्षा देत नाही.’ एवढं. आवाज बारीक न करता. नापास झाल्यासारखं तोंड करू नकोस, आणि ‘नशिबात नव्हतं’ वगैरे पण नको. पण एक आहे, हे खरं असेल तरच बोल. मनात अजून एक अटेम्प्ट द्यायचा असेल तर ते आधी स्वतःशी मिटव, कारण दोन्हीकडे पाय ठेवलेली मुलं आम्हाला चेहऱ्यावरनं कळायची, कसं ते सांगता येणार नाही.

लग्नाचा प्रश्न. विचारायला नकोच असतो, मुलांना कुणी विचारत नाही, आणि मी स्वतः कधी विचारला नाही हे छातीवर हात ठेवून सांगते, पण माझ्या शेजारच्या खुर्चीतून विचारलेला मी ऐकलाय आणि तेव्हा मी गप्प बसले होते, त्याची मला अजून लाज वाटते. तुला १२ तारखेला परत विचारतील असं धरूनच चाल. गप्प बसलीस तर ते त्यांच्या मनाने उत्तर भरतात. रागावून उत्तर दिलंस तर बरोबर तूच असतेस पण नोकरी जाते. मधला रस्ता असा, की प्रश्नाचं नाही, त्यामागच्या काळजीचं उत्तर द्यायचं. ‘सध्या तसं काही ठरलेलं नाही सर, आणि पुण्यात राहायची सोय मी केलीय, दोन-तीन वर्षं तरी इथेच काम शिकायचं ठरवून आलेय.’ आणि लगेच आपला प्रश्न टाकायचा, ‘या पोस्टवर आधी कोण होतं, काम हँडओव्हर कोण देणार?’ म्हणजे गाडी कामावर येते. त्यावरही सासर, मुलं, घरचे असं खोदत बसले तर ते ऑफिस कसं आहे ते तुला इंटरव्ह्यूतच कळलं, फुकटात.

पगार. आधी हे समजून घे की त्यांनी सांगितलेला आकडा आणि हातात येणारा आकडा वेगळा. समजा महिन्याचा ग्रॉस, म्हणजे काही कापायच्या आधीचा पगार, २०,००० आणि त्यात बेसिक १२,०००. तुझ्याकडनं पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० जाणार, ईएसआयसी (कामगार विमा) ०.७५ टक्का म्हणजे १५०. व्यवसाय कर महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंतच्या पगाराला नाही, तेवढं बरं आहे आपलं. हातात १८,४१०. आणि कंपनी तिच्या बाजूचा पीएफ १,४४० आणि ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ६५० असं मिळवून सीटीसी, म्हणजे तिला तुझ्यावर पडणारा एकूण खर्च, २२,०९० सांगणार. म्हणजे ‘बावीस हजार’ ऐकून तू घरी पेढे वाटलेस आणि हातात साडेअठराच्या आत आलं असं होतं. म्हणून आकडा बोलताना ‘इनहँड’ हा शब्द तूच आधी वापर.

किती सांगायचं ते मी इथनं सांगत नाही, तू स्वतः बेरीज कर. पुण्यात पीजीचं भाडं, डबा, जाणं-येणं, घरी पाठवायचे किती, आणि बार्शीची महिन्यातनं एक फेरी. ती बेरीज ही तुझी खालची रेघ, तिच्याखाली हो म्हणायचं नाही. बोलताना त्याच्या वर दोन-तीन हजार धरून बोल. तुझा आत्ताचा पगार विचारतील, नऊ हजार खरं सांग, आणि त्याच दमात सांग की तो बार्शीचा पगार आहे, तिथे मी घरी राहते. नऊवर वीस टक्के वाढ देतो म्हणाले तर त्याला वाढ म्हणत नाहीत, पीजीचं भाडं पण निघत नाही त्यात. हे हसतहसत म्हटलं तरी चालतं, त्यांनाही ठाऊक असतं.

कपडे वगैरे, साधा इस्त्री केलेला कुर्ता, ओढणी नीट पिन केलेली, पायात चालता येईल असं. एमआयडीसीत ऑइल सांडलेलं असतं, नवीन सँडल घालू नकोस. कागदपत्रांच्या दोन झेरॉक्स, ओरिजिनल फक्त दाखवायची, ठेवून घ्यायची नाहीत, जॉइनिंगच्या वेळीसुद्धा नाहीत. आणि कुणी फॉर्म फी, ट्रेनिंग डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे असं काहीही मागितलं, भले दोनशे रुपये असोत, तिथनं उठायचं.

बार्शीहून पहाटेच्या एसटीने येऊन अकराला भोसरी गाठायचा विचार करत असशील तर नको, सोलापूर रस्त्याला हडपसरला एकदा अडकलीस की संपलं. आदल्या दिवशी ये, अभ्यासिकेतल्या जुन्या मैत्रिणी असतीलच. स्वारगेटहून मेट्रो थेट पिंपरीकडे जाते, नाशिक फाट्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा किंवा पीएमपीएमएलची बस. पत्ता घेताना प्लॉट नंबरबरोबर ब्लॉक विचारून ठेव, जे ब्लॉक, एस ब्लॉक असं असतं तिथे, नुसत्या प्लॉट नंबरवर रिक्षावाला तुला अख्खी एमआयडीसी दाखवून आणेल.

आणि तारीख तुला चांगली मिळालीय. १२ म्हणजे आदल्या दिवशी जीएसटीआर-१ भरून मोकळा झालेला माणूस, जरा झोप झालेली असेल, चहाही विचारेल. चहा घे. नको नको करत बसू नकोस, घोटभर चहा पिताना उत्तराला विचार करायला वेळ मिळतो.

निघताना ‘कधीपर्यंत कळेल’ एवढं विचारून ये. आठवड्यात कळवतो म्हणतील आणि कळवणार नाहीत, ते तुझ्यामुळे नसतं, तेव्हा तिकडे रिटर्नचं चालू असतं. फोन तू २१ ला कर, सकाळी अकरानंतर, एकदाच. २१ ला गुरुवार आला तर शुक्रवारी कर, भोसरीत बहुतेकांना गुरुवारी सुट्टी असते. पण १९-२० ला चुकूनही करू नकोस, ३बी च्या दिवशी अकाउंट्सवाल्याला सख्ख्या आईचा फोन आला तरी तो कट करतो.